दारातून काढलेला फोटो

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठीमायमुळे. मोठीमाय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. बालाघाटच्या शाळेपासून जबलपूरच्या कॉलेजपर्यंत मला तिनेच पोचवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मला पदवी मिळाली त्या दिवशीही ती धानाच्या मिलमध्ये कामावर होती.

आईचा भिंतीवरचा फोटो खरा नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर फोटोची आठवण होते. मग कोणीतरी लग्नाचा अल्बम घेऊन स्टुडिओत धावतं. घोळक्यातला चेहरा कापून मोठा करतात, मागे निळा रंग भरतात. आईच्या खांद्यावर तर शेजारणीची बोटं तशीच राहून गेली आहेत. डोळे स्टुडिओवाल्याने काळे करून दिले. मला आई आठवत नाही, हा फोटो आठवतो.

गेल्या वर्षी मोठीमायच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. डावा गाल आत गेला. काही महिन्यांनी आजार परतला आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. तिचं बोलणं अस्पष्ट झालं होतं, पण मला कळायचं.

"मले कोणाच्या लग्नातून कापू नोको," ती म्हणाली. "जित्ती आहो तवरच काढून घे."

हौसेने घेतलेला कॅमेरा माझ्याकडे होता. त्याच्या साध्या लेन्सने जवळ जाऊन फोटो काढला, तर नाक मोठं आलं आणि गाल होता त्याहून खोल. तो मी तिला दाखवला नाही. जबलपूरच्या दुकानदाराला विचारलं. "पोर्ट्रेट है ना भैया? एटी-फाइव्ह ले जाओ. दूर से खींचना, चेहरा जैसा है वैसा आएगा. पीछे का सब धुंधला."

ती पंच्याऐंशी एमएमची, लांबून काढायची लेन्स घेऊन आलो आणि चूक लक्षात आली. आमच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत नुसतं कपाळ आणि नाक. लांब जायला जागा होती ती गल्लीत, आणि घरी आणल्यापासून ती उंबऱ्याबाहेर आलीच नव्हती.

"बाहीर नाही येत मी. लेकरं भेतात."

"दुसरी लेन्स आणा ना, भाऊजी," तिची सून, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली. खोलीतूनच चेहरा मावेल अशी पन्नास एमएमची चालली असती. पण जबलपूरला जाऊन यायला आता धीर होत नव्हता.

मग वहिनीने आणि मी तिची खाट दाराशी ओढली आणि मी एकटाच बाहेर गेलो. गल्ली ओलांडून समोरच्या घराच्या भिंतीला टेकलो. मधून मोटारसायकली जात होत्या. शेजारचे काका थांबले.

"काय बाबू, शूटिंग होऊन राह्यली का? हीरोईन कुठी आहे?"

आतून मोठीमाय म्हणाली, "इथंच बसली आहे, दिसत नाही का तुमाले?"

काकांना शब्द कळले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेले.

पहिला फोटो गालावर पदर घेऊन काढला. मग पदर तिने स्वतःच सोडला. "आता काढ."

घरातला आरसा वहिनीने ऑपरेशननंतर काढून ठेवला होता. मी आत जाऊन फोटो दाखवला तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे मोठीमाय बराच वेळ पाहत राहिली.

"एवढं गेलं?"

"हौ," मी म्हणालो.

फोनवर तिला बोलता येत नाही. सुट्टी संपून परतल्यावर जबलपूरहून प्रिंट पाठवले तेव्हा सोबत मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"मोठीमाय, जय भीम. दोन फोटो पाठवतो आहे. एकात पदर आहे, एकात नाही. भिंतीवर जो लावायचा तो वहिनीजवळ दे, दुसरा चुलीत घाल. कोणाला विचारू नको, मलाही नाही. मागे कपाटावर माझा पदवीचा फोटो होता, तो नुसता पांढरा डाग आला आहे. तू तेवढी स्पष्ट आलीस. मी शनिवारी येतो. तोवर थांब."