फोमला बोंबलाचा वास नव्हता

राष्ट्राच्या हवेचे रक्षण करण्याची जबाबदारी माझ्यावर एकदाच आली, आणि तो प्रसंग अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. पोलीस ठाण्याच्या डायरीत मात्र त्याची नोंद 'फोमचा तुकडा बदलल्याबाबत' अशी आहे.

नव्वदच्या दशकात मी भाईंदर पूर्वेला उपनिरीक्षक होतो. खारी गावाजवळच्या एका शेडमध्ये तांब्यासाठी जुन्या केबल जाळत. त्या धुरातली काही विषे वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. ती मोजायला एका प्रयोगशाळेने समोरच्या कोळी मावशींच्या गच्चीवर यंत्र बसवले होते. यंत्र हवा ओढे आणि विष आतल्या गोल फोमला चिकटे. पहिला अहवाल स्वच्छ आला. शेडमालकाने पेढे वाटले, ठाण्यातही आले. असाच आणखी एक अहवाल आला की शेडविरुद्धची तक्रार निकालात निघणार होती.

मावशी ठाण्यात आल्या. "सायेब, माझी नात खोकून बेजार हाय, आन् हवा चांगली? मी बाजारात गेले का शेडचा मुकादम गच्चीवर चढतो. शेजारीण बघते ना."

पुढचा फोम काढायच्या दिवशी मी पंच घेऊन गच्चीवर गेलो. प्रयोगशाळेच्या बाईंनी फोम काढला. "तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी हुंगला. चहूकडे बोंबील वाळत होते आणि त्यांच्यात आठवडाभर हवा ओढलेल्या त्या फोमला गादीच्या दुकानाचा वास येत होता.

मुकादमाला आणले. त्याचे एकच पालुपद, "मला काय माहीत साहेब, मी तर शेडमध्येच असतो ना."

माणूस गुन्हा नाकारतो, कारागिरी नाकारत नाही, हा माझा अनुभव. मी हवालदाराला म्हणालो, "कोणी कापलाय हो हा? एका बाजूने वाकडा आहे."

"वाकडा कसा असेल?" मुकादम म्हणाला. "वाटी ठेवून कापलाय."

हवालदाराने जबाबाचे कागद पुढे ओढले.

मूळ फोम त्याच्या डब्याच्या पिशवीत मिळाला. भांडी घासायला घरी नेत होता.

"आणि आधीचा?" बाईंनी विचारले.

"तो घरी वापरतोय. फेस मस्त येतो."

बाईंनी त्याला हात धुवायला पाठवले.

जप्त फोमच्या अहवालावर शेडला टाळे लागले. नातीचा खोकला थांबला. पुढे माझा सत्कार झाला, त्यात एका पाहुण्यांनी पंचमहाभूतांवर दीर्घ भाषण केले आणि माझे आडनाव चुकवले. तरीही मला या तपासाचा अभिमान वाटला, आजही वाटतो. यंत्र काय सांगते ते ऐकावे, पण ते यंत्र जिथे उभे आहे तिथे जाऊन एकदा श्वास घ्यावा, एवढे मी यातून शिकलो.

शेडच्या जागी पुढे मोठी इमारत झाली. तिथल्या रहिवाशांनी ठाण्यात दिलेली पहिली तक्रार मावशींच्या बोंबलांच्या वासाची होती.