नाही म्हणायला शिकलेलं फंक्शन

वुर्यानीला चुकांच्या लाल ओळी आवडतात. इंडोनेशियात, योग्याकार्तातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही सगळेच पीएचपी या संगणकाच्या भाषेत कोड लिहितो. तो न चालवता नुसता वाचून चुका काढणारा एक प्रोग्राम आहे. त्याने पडद्यावर लाल रांग ओतली की बाकीच्यांना अचानक कॉफी आठवते. ही मात्र खुर्ची पुढे ओढते. कधी न बनवलेलं व्हेरिएबल कुठे वापरलंय, गिऱ्हाईक सापडलंच नाही तरी त्याचा फोन नंबर कोण मागतंय, हे तांदूळ निवडावेत तसं निवडत बसते. मला तिचा रागही येतो, कारण निम्मे खडे माझे असतात.

एरवी स्वभावाने ती फार मऊ. कुणाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर येतं. आमचे मालक मास, म्हणजे दादा, गुरित्नो तर त्यात तिचे गुरू शोभावेत. काम उद्या हवंय? हो. कालच हवं होतं? हो. अगदीच जमणार नसेल तर "कळवतो." इथे तेवढ्यावरून माणूस काय ते समजतो.

बू सार्जियेम, म्हणजे सार्जियेमबाई, लग्नाच्या जेवणांच्या ऑर्डरी घेतात. त्यांची वेबसाइट आम्ही करत होतो आणि चाचणी म्हणून थोड्या खऱ्या ऑर्डरी घेणं सुरू होतं. वुर्यानीने धाकट्या बहिणीच्या, लारसच्या, लग्नाचं जेवण तिथेच सांगून टाकलं. वेबसाइट म्हणाली, तारीख पक्की. लारसने खुशीत ऑफिसला केळ्याची भजी पाठवली आणि सगळ्यात जास्त मी खाल्ली.

वेबसाइट सोमवारी खुली व्हायची होती. त्याआधी वुर्यानीने तपासणी लावली. एक लाल ओळ आली: हे फंक्शन, म्हणजे कोडचा हा तुकडा, हो किंवा नाही सांगेन म्हणतो, पण एके ठिकाणी वाक्य परत देतो. तिने ते उघडलं. तारीख मोकळी आहे का, एवढंच त्याने सांगायचं. मोकळी असेल तर हो. आणि भरलेली असेल तर मास गुरित्नोंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "कळवतो." आता पीएचपीच्या लेखी असलं कुठलंही वाक्य म्हणजे होच!

मी पोट धरधरून हसलो. वुर्यानी हसली नाही. तिने ऑर्डरी उघडल्या होत्या. लारसच्या तारखेला दुसरं लग्न आधीच घेतलेलं होतं, आणि बू सार्जियेम दिवसाला एकच जेवण करतात.

"ती ओळ दुर्लक्षाच्या यादीत टाक," मास गुरित्नो म्हणाले. "सोमवार होऊ दे, मग बघू."

"नाही."

"नाही काय?"

"नाही म्हणजे नाही, मास. दोन लग्नं आणि चूल एक. तुमचं 'कळवतो' माणसाला कळतं, यंत्राला नाही."

"अगं, पण तोंडावर नाही म्हटलं तर गिऱ्हाईकाला काय वाटेल?"

"आणि उपाशी पाहुण्यांना?"

तिने त्या वाक्याच्या जागी सरळ 'नाही' घातलं. लाल ओळ गेली. मग तिने चाचणीतल्या ऑर्डरी पुन्हा त्या फंक्शनमधून काढल्या आणि पहिला नकार तिच्याच नावावर आला. तिने स्वतः फोन करून ऑर्डर रद्द केली. नंतर लारसला फोन केला तेव्हा दोघी रडल्या. तारीख वडीलधाऱ्यांनी जन्मवार जुळवून काढलेली, ती हलणार नव्हती. मला फार वाईट वाटलं.

शेवटी गल्लीतल्या बायकांनी घरीच रांधायचं ठरवलं, पण हात कमी पडत होते. वुर्यानी मालकांच्या टेबलापाशी गेली.

"मास, लग्नाच्या दिवशी पहाटे फणस चिरायला याल?"

त्या दिवशी त्यांना सोलोला सासुरवाडीला जायचं होतं, हे ऑफिसभर ठाऊक होतं.

"हो," ते म्हणाले.

"हो, की कळवतो?"

"हो, वुर. येतो."

आमच्यातल्या कुणालाच ते खरं वाटलं नाही. पण त्या पहाटे मी पोचलो तेव्हा मास गुरित्नो बायकांमध्ये चटईवर बसलेले, कोपरापर्यंत तेल आणि चीक. एका मावशीने त्यांच्यापुढे आणखी एक फणस सरकवला.

"हा पण घ्या हं, मास."

"नाही," मास गुरित्नो म्हणाले. "कंबर गेली माझी."

चटईवरच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. मग वुर्यानी अशी हसत सुटली, की लारस नटणं अर्धं टाकून बाहेर बघायला आली.