ळ नसलेला टाइपरायटर

परभणीच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसून मुन्शीजी लोकांचे अर्ज टाइप करायचे. टाइपरायटरच्या झाकणावर त्यांनी सुबक अक्षरात एक कागद चिकटवला होता: 'ळ उमटत नाही, तो हाताने काढतो. पाचाचा आकडा दोनदा मारावा लागतो. ओळ संपल्याची घंटी वाजत नाही.' घंटी ते तोंडानेच वाजवत. ओळ संपली की म्हणत, "टन्."

माझ्या पुढे उभा असलेला पालमचा शेतकरी हसला. "मशीन बदला की, मुन्शीजी."

"नव्यातबी ऐब असतेतच. ह्याचे मला पाठ हायेत."

मला सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी हवी होती. अर्ज मात्र मराठीत करायचा होता, आणि माझं सगळं शिक्षण हैदराबादला, इंग्रजीतून झालेलं. मी हळूच म्हणाले, "मराठी उत्तम येते, असं लिहा."

त्यांची बोटं थांबली. "येते का, बाई?"

"बोलता येते. लिहिताना जोडाक्षरं चुकतात."

"मग तसंच लिहू. ऐब आधी सांगून टाकला की लोक सांभाळून घेतेत."

मला राग आला. त्यांनी ते वाक्य टाइप केलं, "टन्" म्हणाले, आणि 'शाळा' शब्दातल्या मोकळ्या जागी टाकाने ळ काढला.

मुलाखतीत साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं, हसले, आणि मला नोकरी मिळाली.

पहिल्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'बाईंची जोडाक्षरं चुकतात. चूक दिसली की हात वर करा.'

वळून पाहिलं, तर सहा हात आधीच वर होते. 'जोडाक्षरं'मधला क्षच चुकला होता.