उन्हाळी टायर आणि अनवाणी पाय

आपल्या दुकानातली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये म्हणून जिवाचं रान करणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका टायर विकतो. पेणहून वडखळकडे जाताना, नाक्याच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड आहे. हायवे रुंद झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या दारात उरला. चार खाटा मावतील एवढं ते डांबर. त्याच्यावर ते गाड्या उभ्या करू देत नाहीत, कचरा पडू देत नाहीत आणि रोज सकाळी तो तुकडा झाडून काढतात. सगळे त्यांना टायरवाले काका म्हणतात. ते माझे कोणी लागत नाहीत. तरी ज्या अधिकाराने त्यांनी माझे अडीच महिने वाया घालवले, तो माझ्या सख्ख्या काकांनाही मी कधी दिलेला नाही.

काकांच्या सवयींनी चांगला शहाणा माणूस बेजार होतो. नवा टायर आला की ते आधी त्याचा वास घेतात. मग नखाने रबर दाबतात आणि नखाची खूण किती वेळात भरून येते ते बघत बसतात, तोवर समोरच्या गिऱ्हाइकाने घड्याळ बघितलं तरी त्यांना चालत नाही. टायरच्या बाजूवर तो कोणत्या आठवड्यात बनला याचे चार आकडे असतात. ते वाचल्याशिवाय टायरला हात लावणाऱ्या माणसाला ते देवघरात चपला घालून येणाऱ्याच्या रांगेत बसवतात. टायरच्या बाजूला ते ‘गाल’ म्हणतात. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत पेणच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन जाणारे टेम्पो त्यांच्या दारात थांबतात, आणि काका प्रत्येकाच्या टायरातली हवा थोडी कमी करून देतात. किती कमी करायची ते ठरवायला हौद्यात पोह्यांची बशी ठेवून टेम्पो चार पावलं पुढे-मागे करायला लावतात. पोहे सांडले तर मूर्तीची बोटं तुटणार, असा त्यांचा हिशोब. या कामाचे ते काही घेत नाहीत. कारखानेवाले त्यांना उरलेला पांढरा रंग आणून देतात, आणि त्या रंगाने पुढे माझी जी शोभा झाली ती सांगायलाच मी हे लिहायला घेतलं आहे.

मी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते आणि पेणहून रोज जाऊन-येऊन करते. कंपनीची बस आहे. तीन वर्षं मी त्या बसने गेले आणि तीन वर्षं मागच्या सीटवरच्या मंडळींनी माझ्या लग्नाची काळजी वाहिली. मला लोकांशी बोलायला जमत नाही. प्रश्न विचारला की उत्तर मला घरी पोचल्यावर सुचतं. म्हणून मी गाडी घेतली. जुनीच, पण लाल, बसकी, मागे छोटा पंख असलेली स्पोर्टी गाडी. ती कुणालाही घाबरत नाही असं दिसायचं, आणि मला तेवढ्यासाठीच ती हवी होती. त्या गाडीत मला कोणी काही विचारत नाही. पण वर्षभरात तिचे तीन टायर फाटले, तिन्ही डाव्या बाजूचे, आणि बाबांनी जाहीर केलं की आणखी एक टायर गेला की गाडी विकायची आणि पुन्हा बसने जायचं. आईने लगेच बसची वेळ विचारून ठेवली.

तेव्हा मी तीन रविवार खर्च करून अभ्यास केला. थंड देशांत बर्फाचे टायर वेगळे असतात आणि उन्हाळ्याचे वेगळे. वेगवान गाड्यांसाठी जे खास उन्हाळी टायर बनवतात त्यांचं रबर मऊ असतं. तापलेल्या रस्त्याला ते घट्ट धरून राहतं, वळणावर गाडी सरकत नाही, ब्रेक चटकन लागतो. त्या बदल्यात ते लवकर झिजतात. पाच टायर निवडून मी त्यांचा तक्ता केला: पकड किती, उष्णता किती सोसतात, किती झिजतात, ओल्या रस्त्यावर कसे वागतात. तक्ता छापला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी काकांसमोर धरला.

त्यांनी फोल्डर घेतला आणि त्याने वारा घेऊ लागले. मला उन्हाळी टायर हवेत, असं मी कसंबसं म्हटलं, तर म्हणाले, “आपल्याकडं दुसरा कंचा टायर असतो गो? पेणमदी बरफ कवा पडला?” शेडमधले दोन रिक्षावाले हसले. मी निघूनच जाणार होते, पण काका एव्हाना गाडीपाशी उकिडवे बसले होते आणि डाव्या टायरच्या गालावरून, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवत होते. उजवीकडचे दोन टायर त्यांनी बघितलेही नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एकटीच जातस. आनि मागून कोनी हॉर्न मारला का डांबर सोडून खाली उतरतस.”

हे माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. ते खरं होतं. डंपर, टँकर, एसटी, कधी कधी साधी मोटरसायकलसुद्धा, कोणीही मागे येऊन हॉर्न वाजवला की माझे हात आपोआप स्टिअरिंग डावीकडे वळवत आणि गाडी रस्त्याच्या कडेची पायरी उतरून खडीत जाई. त्या पायरीची धार टायरचे गाल कापत होती. एवढंच काय, नागोठण्यावरून खिंडीतून रोह्याला जाणारा जवळचा रस्ता सोडून मी खांब-कोलाडवरून लांबून जात होते, कारण खिंडीतल्या वळणांवर मागचे लोक फार घाई करतात. वळणांसाठी बनवलेली गाडी घेऊन मी वळणं टाळत होते. पण हे दोन रिक्षावाल्यांसमोर बोलून दाखवायची गरज होती का? “टायरात खोट नाय,” काका म्हणाले, “तू सगल्यांना साइड देतस. या तुज्या कागदावरच्या टायरांचे गाल अजून आखूड. पयल्याच दिवशी फाडशील. म्हयनाभर डावी बाजू साफ ठेव, मंग देतो.”

आणि हे कमी होतं म्हणून की काय, त्यांनी मला बूट-मोजे काढायला लावले. समोरच्या त्या डांबराच्या तुकड्यावर अनवाणी उभी राहा म्हणाले. टायर जिथं दिवसभर पाय टाकतो तिथं आपण निदान दहा आकडे तरी उभं राहून बघावं. ही त्यांची रीत सगळ्यांसाठीच आहे, उन्हाळा लागला की नवा टायर घेणाऱ्या प्रत्येकाला ते उभं करतात आणि त्याने किती आकडे काढले त्यावरून हवा किती भरायची ते ठरवतात, हे मला नंतर कळलं. मी त्यांना सांगितलं की आमच्या लॅबमध्ये बटण दाबलं की तापमान दाखवणारं यंत्र आहे. ते म्हणाले, “त्या यंतराला पाय हायेत का?” मी अकरापर्यंत टिकले. ते स्वतः माझ्या शेजारी अनवाणी उभे होते, शांतपणे, हाताची घडी घालून, जणू देवळाच्या गार फरशीवर. ते मूळचे खाडीकाठचे, मिठागरावरचे. मीठ धरण्याआधी तिथल्या तळाचा चिखल दिवसचे दिवस पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, आणि पाय कुठे धरतो, कुठे सटकतो ते आपण तिथं शिकलो असं ते प्रत्येकाला ऐकवतात. मी उड्या मारत सावलीत पळाले तेव्हा ते अजून तिथंच उभे होते आणि मला विचारत होते, “कसा हाय चटका?” मला तो शुद्ध दिखाऊपणा वाटला. मी मोजे चढवायला लागले.

निघण्याआधी त्यांनी माझ्या दोन्ही डाव्या टायरांच्या गालांवर गणपतीच्या कारखान्यातल्या पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढला. रस्ता सोडून खाली उतरलीस तर हा खरवडणार, दर शनिवारी येऊन दाखवायचा. मी इतकी चिडले होते की वाटेत दुसऱ्या दुकानात जाऊन टायर घ्यायचे ठरवलं. पण दुसऱ्या दुकानात पुन्हा सगळं पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. म्हणून मी गेले नाही. यालाही ते जबाबदार आहेत.

लाल स्पोर्टी गाडी आणि डाव्या बाजूला म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना फासावा तसा पांढरा रंग. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने गाडीची पूजा घातली का विचारलं. लॅबमधल्या मुलींना ती नवी फॅशन वाटली. पहिल्या शनिवारी पट्टा खरवडलेला होता. काकांनी नवा ओढला आणि महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. तिसऱ्या शनिवारीही तेच. तोवर त्यांना माझ्या रस्त्यावरच्या सगळ्या शरणागतींची ठिकाणं पाठ झाली होती. रंगाला चिकटलेली माती बोटाने चोळून ते म्हणत, ही लाल, खांबची. ही काळी चिकट, वडखळच्या खाडीची. मी नाही म्हणायचे, आणि ते रंगाचा डबा उघडायचे.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी खांबजवळ मागून डंपर आला. त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. माझे हात डावीकडे वळले, आणि तेवढ्यात मला तो पांढरा पट्टा आठवला. भीती कमी झाली म्हणावं तर नाही. मला फक्त पुन्हा त्या रिक्षावाल्यांसमोर रंगाचा डबा उघडलेला बघायचा नव्हता. मी माझ्या डांबरावर राहिले. उजवीकडे रस्ता मोकळा होता, डंपर तिथून माझ्या बरोबरीला आला. मी धीर करून वर बघितलं. ड्रायव्हर कानाला फोन लावून पुढे बघत होता. त्याने मला पाहिलंही नव्हतं. ज्यांच्यासाठी मी वर्षभर खडीत उतरले आणि तीन टायर फाडले, त्यांच्या हे गावीही नव्हतं. इतका राग मला काकांचाही कधी आला नव्हता. त्या रागावर मी पुढचा सगळा महिना काढला.

मेच्या मध्यावर काकांनी डावी बाजू तपासली. पट्टा धुळीने मळला होता, पण अखंड होता. ते उठले. आत गेले आणि गोणपाटाखालून चार टायर काढले. माझ्या तक्त्यातले, वरून दुसरे. फोल्डरही तिथंच होता, पहिल्या शनिवारपासून. टायर पहिल्याच आठवड्यात मागवून त्यांनी सावलीत झाकून ठेवले होते, हे काकूंनी मला हळूच सांगितलं. मग मला हे छळणं कशासाठी, असं मी त्यांना विचारलं. मोठ्याने विचारलं, रिक्षावाले होते तरी. काका हसले आणि टायर बसवायला लागले. सोमवारी मी खिंडीतून रोह्याला गेले. वळणांवर टायर रस्ता असा धरत होते की मला आपण कोणी दुसरीच आहोत असं वाटलं. बाबांनी पुन्हा गाडी विकायचं नाव काढलं नाही.

यंदा मार्चमध्ये हवा बघायला गेले तर काका खुर्चीत बसले होते. एका पायाला बँडेज, दुसऱ्या पायात मऊ निळी चप्पल. त्यांना मी चपलेत कधी पाहिलंच नव्हतं. काकू म्हणाल्या, गरम नट पायाखाली आला, मांस जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. साखरेचा आजार आहे. तळव्यांना चार वर्षांपासून काही कळत नाही. डॉक्टर अनवाणी फिरू नका म्हणतात, पण हे ऐकतात कुणाचं. “गेल्या उन्हाळ्यात तुज्या बाजूला उभे ऱ्हायले ना,” काकू म्हणाल्या, “त्या राती दोनी पाय फोडांनी भरले होते.”

देवळाच्या फरशीवर उभं राहावं तसे का उभे होते, ते मला तेव्हा कळलं. आणि गिऱ्हाइकांना उभं करून चटका कसा आहे ते का विचारतात, तेही.

मी त्यांच्यासाठी तापमान दाखवणारं छोटं यंत्र आणलं होतं, थोडंसं त्यांना हरवायलाच. जुन्या डांबरावर धरून मी आकडा वाचून दाखवला. काकांनी मान हलवली. “आकडा ऱ्हाऊ दे. कसा लागतो ते सांग.”

मी बूट काढले आणि जाऊन उभी राहिले. तव्यासारखा, मी म्हटलं.

“तवा तं सगलेच सांगतात, बाय. नीट सांग.”

मला मराठीत असे शब्द पटकन सुचत नाहीत. मला कुठल्याच भाषेत सुचत नाहीत. काका खुर्चीतून पुढे वाकून माझ्या पायांकडे बघत होते. अकरा झाले, बारा झाले. मी तिथंच उभी राहिले, शब्द शोधत.