लाजेचं औषध

"मोठ्यानं बोल. त्या तिकडच्या लोकायलेही आयकू गेलं पायजे."

कंपाउंडर वट्ट्यावर उभा. मी खाली फुफाट्यात. माही बाटली पायरीवर. इटाळ होऊ नये म्हनून आमच्या बाटलीले हात न लावता तो वरून औषध ओते. पन ओताच्या अगोदर माह्या तोंडून त्याले ते वाक्य पायजे होतं.

"मी अफूबाज हावो," मी म्हनलं.

"पुरं बोल."

"मी अफूबाज हावो. मले लाज नाई."

बाजाराचा दिवस होता. झाडाखाली लोक बसले होते. कोनी खोकलत होतं, कोनाच्या मांडीवर तापलेलं लेकरू. एक बाई हासली. तिच्या पाठीमागं दोघं-तिघं हासले. मंग बाटलीत धार पडली. मी ती पदराखाली घेतली, अन् खाली मान घालून निंघाली.

हे तालुक्याच्या दवाखान्यातलं सांगून राह्यली मी. मुलूख वऱ्हाडाचा, पन कारभार नागपूरचा. तिथंच शिकून एक नवा डॉक्टर आला होता. तो म्हने, अफू हा अंगाचाही रोग हाये अन् मनाचाही. औषधात अफूचा अंश ठेवाचा, दर बाजाराले थोडा कमी कराचा, म्हंजे अंग सुटते. अन् चारचौघांत लाज आनली म्हंजे मन सुटते. अर्धं त्याचं खरं होतं. औषधानं माह्या हाताची थरथर कमी झाली होती. पन दुसऱ्या अर्ध्यानं मले दर बाजाराले जितेपनी मारलं.

मले अफू लागली ते देशमुखाच्या आंगनात. आमचं गाव अमडापूरच्या बाजूले, अन् आमची घरं गावाच्या बाहेर. एका वेचनीत कापसाच्या भरल्या बैलबंडीवरून मी पडली. कमरेचं हाड गेलं. देशमुखीनबाई म्हने, "अशी पडून कशी राह्यशीन वं? कापूस झाडावर फुटला हाये. हे घे. दुखनं कळनार नाई."

तिनं वरून टाकली. हाताले हात लागू नये म्हनून वरून. हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी गोळी.

खरंच दुखनं गेलं. मी दिवसभर कापूस वेचला. हाड मात्र तसंच वाकडं जुळलं.

दुसऱ्या दिवशी गोळी. तिसऱ्या दिवशी गोळी. मंग माहं अंगच मागाले लागलं. नाई भेटली का जांभया येत, डोळ्याले धार लागे, पायाच्या नळ्या कोनी ओल्या धोतरावानी पिळून राह्यलं असं वाटे. हळूहळू मजुरीची जवारी कमी झाली, गोळी कायम राह्यली. मी सकाळी त्या आंगनात जाऊन उभी राहो. दोन्ही हात जोडून पुढं, मान खाली, एक पाय मागं. नवरा खामगावच्या कापसाच्या जिनात कामाले गेला तो तिकडचाच झाला होता. घरात मी अन् माही पोरगी सारजा.

एका सकाळी सारजा माह्या संगं आली होती. तिले खोकला होता. देशमुखीनबाईनं मले गोळी देल्ली अन् दुसरी बोटात धरली.

"हिलेही दे. खोकला बंद होईन, अन् कामालेही लागन."

अन् सारजानं हात पुढं केले. दोन्ही हात जोडून, मान खाली, एक पाय मागं. तिले हे कोनी शिकवलं नोतं.

मी तिच्या हातावर फटका मारला. गोळी धुळीत गेली. अन् मंग मीच खाली बसली. दोन्ही हातानं धूळ चाळून ती गोळी हुडकाले लागली. भेटली. मातीसकट तोंडात घातली. मान वर केली तं सारजा मले पाहत होती. रडत नोती. नुसती पाहत होती.

ते पाहनं अजून माह्या मागं हाये. भाकर थापतानी, पानी आनतानी, हासता हासता एकदम ते दोन डोळे येतात.

आमच्या वाटेवर हुसेनाबी पिंजारीन राहे. तिचा नवरा गाद्या-रजया बंडीत घालून तालुक्याच्या बाजाराले जाये. मी तिच्याजवळ जाऊन पह्यल्यांदा सगळं बोलली. ती म्हने, "दवाखान्यात इलाज करतात म्हने. बंडीत बस. सारजाले माह्यापाशी ठेव." असं माहं जानं सुरू झालं. अन् तिथं ते वाक्य होतं. मी बोले. औषध पायजे होतं, म्हनून बोले.

मंग तो बाजार आला. दवाखान्यासमोर एक दमनी, मोठ्या लोकायची बसाची बैलगाडी, सुटलेली होती. बैलांच्या झुली मी वळखल्या. देशमुखाची दमनी. मले वाटलं, ताप-बीप असन. मी पायरीखाली उभी राह्यली. डॉक्टरच्या खोलीची खिडकी डोक्यावरच होती.

"आता कसं वाटतं, देशमुखसाहेब?"

"कमी तं झाली हो डॉक्टर. पन सकाळी हात लय थरथरते. डोळ्याले पानी येते."

"येणारच. ह्या खेपेला अंश आणखी थोडा कमी करतो. मनाला लावून घेऊ नका. आजारच आहे हा."

कंपाउंडर माह्या समोरून एक बाटली फडक्यात गुंडाळून आत घेऊन गेला. वास आला. तोच. त्याच्या मागून कपबशीत चहा गेला.

इतकी वर्षं मले वाटे, देशमुखाचं घर अफू देनारं हाये. तो खातेही, हे मले ठाऊक नोतं. त्याले खुर्ची होती, पडदा होता, अन् 'आजारच आहे' असं म्हननारा मानूस होता.

कंपाउंडर बाहेर आला. "हं. बोल."

माही बाटली पायरीवर होती. माहे हात कापत होते. भीतीनं नाई, औषधाले येळ झाला होता म्हनून.

"नाई बोलत."

"काय?"

"नाई बोलत मी ते."

त्यानं आवाज चढवला. डॉक्टर बाहेर आला. "काय गडबड आहे?"

"साहेब, मी आजारी हावो काय?" मी इचारलं.

"आजारीच आहेस. म्हणून तर औषध देतो."

"अन् आत बसले ते?"

त्यानं पडद्याकडं पाह्यलं. "त्यांचं वेगळं आहे."

"औषध एकच हाये. वासानं वळखते मी. लाज हे औषध असन, तं त्यायलेही पाजा. आना इथं पायरीखाली. बोलू द्या मोठ्यानं."

पडदा हालला. देशमुख दारात आला. चेहरा घामानं भरलेला. "माह्या घरची खाऊन माह्यावरच उलटली काय वं?"

"तुमच्या घरचीच खाल्ली, मालक. म्हनून तं इथं उभी हावो."

झाडाखाली कोनी हासलं नाई.

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. "हिचं औषध बंद," तो म्हने. मी रिकामी बाटली उचलली.

पुढचे दिवस मले नीट आठवत नाईत. उलट्या, हगवन, अंगावर काटा. कुडाच्या भिंतीले पाय मारून मारून टाचा फुटल्या. मी हुसेनाबीचे पाय धरले. "मले देशमुखाच्या आंगनात घेऊन चाल. एकच गोळी."

तिनं पाय सोडवले नाईत. म्हने, "तुले जाचं तं जा. पन सारजा माह्याच घरी राहीन."

मी गेली नाई. औषधानं निम्म्यावर आनलं होतं म्हनून जगली असन. मी बरी झाली असं म्हनत नाई. आजही कंबर ठनकली का जिभेले पानी सुटते, अन् ते आंगन समोर उभं राह्यते.

उठता आलं तशी मी बंडीत बसून दवाखान्यात गेली. औषधासाठी नाई. पायरीखाली माह्यावानीच अफू लागलेला एक म्हातारा सुतार उभा होता. कंपाउंडर म्हने, "बोल." मी त्याच्या बाजूले जाऊन म्हनलं, "बाबा, नुसतं म्हना, मी आजारी हावो."

त्यानं तसंच म्हनलं. त्याले औषध भेटलं नाई. तो मले शिव्या देत, कापत गेला.

मले वाटलं, माह्या हट्टानं एक म्हातारा मरन. मी रोज त्याची आठवन करे.

पन पुढच्या बाजाराले तो आला. माह्या बाजूले उभा राह्यला अन् आपल्या मनानंच म्हने, "मी आजारी हावो." त्याच्या मागं उंद्रीकडची एक बाई होती. तिनंही तेच म्हनलं. मंग आनखी एकानं. कंपाउंडरनं डॉक्टरकडं पाह्यलं. डॉक्टरनं तोंड फिरवलं. धार पडली.

याले मी जिकनं म्हनत नाई. देशमुख अजून पडद्याआड बसते. अन् आमच्या बाटल्या अजून पायरीवरच ठेवा लागतात.

त्या पायरीवर आता मी ठेवू देनार नाई. येत्या बाजाराले सगळ्यायच्या बाटल्या घेऊन मी वट्ट्यावर चढनार. तिथंच बसनार. हाकललं तं उठनार नाई. उठवाचं असन तं त्या कंपाउंडरनं मले शिवूनच उठवावं.