चूक दाखवा, बोंबील खा

मुलुंडपासून भांडुपपर्यंतची सगळी हॉस्पिटलं पालथी घाला, आमच्या भूलवाल्या मॅडमइतका स्वतःची चूक दाखवून घ्यायला हपापलेला माणूस सापडायचा नाही. भूल देणारी डॉक्टर म्हणजे हळू, मोजकं बोलणारी बाई असा तुमचा समज असेल, तर तो त्यांच्या पहिल्याच हाकेला उडाला असता. मॅडम कोळीवाड्यातल्या, वडील बोटीवर तांडेल. वाऱ्यात, इंजिनाच्या घरघरीत तांडेलाने काही सांगितलं की खलाशाने ते मोठ्याने परत म्हणायचं, तरच ते पोचलं असं धरायचं. ही बोटीवरची रीत मॅडमनी जशीच्या तशी आमच्या ऑपरेशन थिएटरात आणली. त्यांनी इंजेक्शन सांगितलं की मी, त्यांची सिस्टर, ते खणखणीत परत म्हणणार. नुसतं "हो मॅडम" म्हटलं की, "हो काय? बोल ना गं!" चेकनाक्यावरच्या चहावाल्यालाही सुटका नव्हती. "दोन कटिंग, एक बिनसाखर. काय सांगितलं?" तो बिचारा अगदी बरोबर म्हणून दाखवी आणि दोन्ही चहा गोडच देई.

कुणी "मॅडम, थांबा" म्हणून त्यांची चूक पकडली, की दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी तळलेल्या बोंबलांचा डबा येई. शाकाहाऱ्यांना नारळाच्या वड्या. आमचा वॉर्डबॉय तर डब्याच्या आशेने त्यांच्या चपलांतही चुका काढायचा. सर्जनसाहेबांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. "मॅडम, हे थिएटर आहे, पाढ्यांचा वर्ग नाही," ते कुरकुरत. मॅडम म्हणत, "काय म्हणालात सर? परत बोला."

मग माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडेच ठरलं. आईला पेनिसिलिन चालत नाही. मागे एका गोळीने तिचा श्वासच अडकला होता. म्हणून मनगटाला ॲलर्जीचा लाल पट्टा बांधला. घरची म्हणून मला आत मनाई. बाहेर बाकावर कोकणातून आलेल्या मावशीशेजारी बसले, आणि नोकरीत पहिल्यांदाच मला त्या दाराची भीती वाटली.

ऑपरेशन संपल्यावर मॅडम थेट आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आई झकास आहे. आता माझं ऐक. मी सवयीने नेहमीचंच इंजेक्शन मागितलं, पेनिसिलिनच्या जातीचं. तुझ्या जागेवरच्या सिस्टरने मोठ्याने परत म्हटलं, आणि सर ओरडले, 'थांबा! बाईंच्या हाताला लाल पट्टा आहे!' चूक माझी. वाट लागली असती गं."

"अगो, ही आपलीच चूक सांगता!" मावशी थक्क झाली. मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग मी मॅडमचा हात धरून त्यांना बाकावर शेजारी बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर्जनसाहेबांना वड्यांचा डबा आला. त्यांनी केबिनचं दार लावून तो एकट्याने संपवला. त्यानंतर थिएटरात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असे.

आता मॅडम निवृत्त झाल्यात. नवे भूलतज्ज्ञ हळू बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी इंजेक्शन सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते एका सुरात परत म्हटलं, तेव्हा दचकलेच बिचारे. आता सरावलेत. परवा मी त्यांची एक चूक दाखवली, तर मनापासून "थँक यू, सिस्टर" म्हणाले. भला माणूस आहे. तरी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी उगाचच टेबलावर डबा शोधत राहिले.