कोहळ्याच्या डोक्यावरची टोपी

कोहळ्याचं बी जमिनीतून वर येतं तेव्हा कधी कधी आपलं टरफल डोक्यावर घेऊनच येतं. टोपी घातल्यासारखं. पाहायला गंमत वाटते. पण ती टोपी निघाली नाही तर आतली दोन पानं उघडत नाहीत, तिथंच गुदमरून सडतात. मला हे माहीत नव्हतं. माझा जन्म विटा-सिमेंटात गेला. कोराडीच्या कितीतरी क्वार्टरांना माझ्या हातचं प्लास्टर आहे. झाडंझुडं हे बायकोचं काम होतं.

ती दिवाळीच्या आधी गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे जेवून गेले, घर सुनं झालं. होळीनंतर मुलानं घराला रंग द्यायला काढला. रंगारी मागची भिंत खरवडायला लागला तसा मी धावलो. त्या भिंतीवर तिच्या हातची गोवरी होती. कोहळं चिरलं की ती बिया राखेत घोळायची, गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून शेण आणायची आणि बिया त्यात कालवून भिंतीला थापायची. कीड लागत नाही. बी तिच्या माहेरचं. लग्नात आलेली भांडी केव्हाच गेली, बी मात्र दरवर्षी नवं होत राहिलं. शेवटी ती आजारी पडली, वेल लागलाच नाही. म्हणजे होतं ते एवढंच, तेही जुनं.

प्लास्टरच्या थापीनं मी गोवरी हळूच सोडवली. बिया पाण्यात टाकल्या. बहुतेक पोचट, वर तरंगल्या. बुडाल्या तेवढ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात लावल्या.

सून सदरला एका दुकानात कामाला आहे. निघता निघता म्हणाली, "बाबा, एवढं काहून करून राहिले? येताना नर्सरीतून रोप आणून देते न."

"रोप नाई पायजे. हेच पायजे."

"कोहळं तं कोहळंच असते."

"मंग सासूबी सासूच असते. जाय, आण दुसरी."

ती हसली. मग तिचेच डोळे भरले, आणि पर्स उचलून निघून गेली.

चार उगवले. चारही टोपी घालून.

पहिल्याचं टरफल मी चिमटीत धरून ओढलं. माझी बोटं सिमेंटनं खाल्लेली, कातडी टाचेसारखी. बारीक काही हातात आलं तर कळत नाही. टरफलाबरोबर मुंडकंच आलं. देठ तेवढा उभा राहिला.

मग आठवलं, ती जिभेला बोट लावायची आणि ते टरफलावर फिरवायची. बोलता बोलता करायची, म्हणून मी कधी नीट पाहिलं नाही. दुसऱ्या कोंबाला मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी कोंब पिवळा पडला, मग आडवा झाला.

शेजारची म्हातारी कंपाउंडवरून पाहत होती. बायकोची जुनी मैत्रीण, तोंडाची फटकळ.

"काय करून राहिला गा भाऊ, दिवसभर डब्यात डोकं घालून?"

"कोंब मेला वं बाई. तिच्यासारखीच थुंकी लावली, तरी मेला."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "गालात काय हाये?"

"खर्रा."

"तिच्या गालात होता काय?"

मी तोंड वळवून खर्रा थुंकला.

"अरे, तंबाखूच्या पाण्यानं झाडावरचे किडे मारतेत लोकं, अन् तू कोवळ्या कोंबाले पाजून राहिला! वरून चुना! तिनं जन्मभर सांगितलं, सोड म्हणून. सोडला काय? आता हे दोन राहिले, यायलेही पाठव तिच्याकडं."

"मंग साधं पाणी लावू?"

"लावून पाय. घरंगळते. थुंकी चिकटते, टरफलात मुरते. अन् पेरताना बोट किती खुपसलं होतं?"

"नखाएवढं."

"तरीच! पेरभर खुपसावं लागते. वरची माती दाबून धरते, तं टरफल मातीतच राहते. तू वरवर ठेवलं, तं डोक्यावर घेऊन आलं बिचारं."

खिशात खर्‍याची पन्नी होती, आत्ताच पानठेल्यावरून घोटून आणलेली. ती नालीत टाकली. नखांतला चुना ब्रशनं घासून काढला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. तरी तोंडाचा वास जाईना. आज या तोंडाची थुंकी कोंबाला लावायची नाही, असं ठरवलं. डोकं ठणकायला लागलं. मुलगा "जेवता काय" म्हणाला तर त्याच्यावर ओरडलो. खर्‍याऐवजी सोप म्हणजे बडीशेप चघळली. सोपेनं काय होतं? पण नाही म्हणजे नाही.

तोवर टरफल वाळून आणखी आवळायला नको. स्लॅब टाकला की आम्ही त्यावर ओलं पोतं अंथरतो, पाणी मारत राहतो. तराई म्हणतात त्याला. तराई चुकली की भेगा पडतात. हे मला येतं. डब्यात चार काड्या रोवून वर ओलं पोतं टाकलं, कोंबांना टेकणार नाही असं. वाळलं की पाणी शिंपडत राहिलो.

सकाळी चहासुद्धा नंतर. जिभेला बोट लावलं, तिसऱ्याच्या टरफलावर फिरवलं. थांबलो. परत लावलं. सून कामाला जायला तयार होऊन बाहेर आली, आपला भुवयांचा चिमटा पुढे केला.

"हा घ्या. तुमच्या बोटांचा काही भरोसा नाई."

ओढायचं नाही, हे आता कळलं होतं. टरफलाच्या कडा चिमट्यानं बाजूनं जरा दाबल्या. ते सांध्यावर उकललं आणि अलगद गळून पडलं. दोन्ही पानं एकमेकांना चिकटलेली, हिरवी. सून तिथंच उकिडवी बसली होती. तिची बस चुकली.

चौथ्याचं टरफल निघालं, पण आत पातळ पापुद्रा पानांना घट्ट बसलेला. हात शिवशिवत होता. पहिल्याचा नुसता देठ समोरच होता. चिमटा खाली ठेवला, पुन्हा थुंकी लावली, पोतं ओढलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणच पापुद्रा फाडला. एका पानाचं टोक त्यातच तुटून राहिलं. राहू दे. पान उघडलं.

खर्‍याची तलफ आजही येते, जेवल्यावर जास्त. या वेलाला कोहळं धरेपर्यंत हात लावणार नाही. पुढचं पुढे पाहू.

काल रंगारी मागच्या भिंतीला आला. मी त्याला बोटानं चौकोन काढून दाखवला. "एवढी जागा सोड."

"काहून? भिंत वंगाळ दिसन न बाबा."

"दिसू दे. तिथं गोवरी थापायची हाये."